'स्वीट कॅरोलाइन' आणि झीलकऱ्यांची जागा

पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर मुलीकडे महिनाभर बॉस्टनला आले होते. जावयाने त्यांना फेनवे पार्कवर बेसबॉलची मॅच दाखवायला नेलं. खेळ फारसा कळला नाही, असं ते प्रामाणिकपणे लिहितात. पण आठव्या इनिंगच्या मध्यावर 'स्वीट कॅरोलाइन' हे जुनं गाणं लागलं आणि अख्खं स्टेडियम उभं राहून गायला लागलं. आजोबा, कॉलेजची पोरं, पॉपकॉर्नवाला, सगळे. त्यांचे दोन प्रश्न आहेत. 'शब्द साधे, चाल सोपी, मग पन्नास वर्षं झाली तरी या गाण्यात लोकांना सापडतं तरी काय? आणि आमच्या सोसायटीच्या गणपतीत असं सगळ्यांना गायला लावायचं असेल तर काय करावं?'

आधी माझा या विषयाशी संबंध सांगतो. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. गावच्या भजनी मंडळात टाळ कुटत वाढलो, मग पेटी शिकलो. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो आणि गेली बावीस वर्षं बॉस्टनजवळच्या एका गावात हौशी लोकांचा कोरस चालवतो. चाळीसेक माणसं आहेत. त्यातल्या निम्म्यांना नोटेशन वाचता येत नाही, आणि दोघांना सूर लागत नाही, पण ते खुर्च्या लावायला सगळ्यांत आधी येतात. अमेरिकन गायक नील डायमंड यांचं हे गाणं या माणसांबरोबर मी इतक्यांदा वाजवलं आहे की मोजणं सोडून दिलं. मधली काही वर्षं तर मला त्याचा उबग आला होता.

गाणं सोपं म्हणून सगळे गातात, हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सोपी गाणी पैशाला पासरी मिळतात. १९६९ सालीच अमेरिकेत शेकड्यांनी सोपी गाणी आली आणि दिवाळीच्या फटाक्यांसारखी उडून गेली. शिवाय या गाण्याचा अंतरा तितकासा सोपाही नाही. तो खालच्या स्वरांत, जवळजवळ बोलल्यासारखा आहे. फेनवेवर तुम्ही नीट ऐकलं असतं तर लक्षात आलं असतं की अंतऱ्यात निम्मे लोक नुसते ओठ हलवत असतात. आपल्याकडे आरतीत शेवटच्या कडव्याला होतं तेच. पुटपुट चालू असते आणि 'जय देव जय देव' आलं की एकदम गर्जना.

माझं म्हणणं असं की हे गाणं टिकलं ते त्यात झीलकऱ्यांसाठी, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्यांसाठी, जागा आहे म्हणून. शाहीर पोवाड्याची ओळ टाकतो आणि मागचे 'जी जी रं जी' करून ती उचलतात. गोंधळात हेच, आणि मिरवणुकीत 'गणपती बाप्पा' म्हटल्यावर 'मोरया' आल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही ते याच चालीनं. झील धरणाऱ्याला मुख्य गायकाएवढं येत नसलं तरी चालतं. पण त्याच्यावाचून गाणं लंगडं पडतं, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक असतं. 'आपल्यावाचून अडेल' ही भावना माणसाला गायला लावते. चाल सोपी असणं हे त्यानंतर येतं.

आता त्या गाण्यात ही जागा कुठे आहे ते बघा. 'स्वीट कॅरोलाइन' हे दोन शब्द संपतात, गायक दम घेतो, आणि तेवढ्यात ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे तीन ठसठशीत स्वर येतात. रेकॉर्डवर ते नुसते वाद्यांचे स्वर आहेत, शब्द नाहीत. लोक तिथं 'बा, बा, बा' म्हणतात. पुढची ओळ संपली की लोक 'सो गुड, सो गुड, सो गुड' असं तीनदा ओरडतात, तेही मूळ रेकॉर्डवर कुठेच नाही. म्हणजे या गाण्यातल्या ज्या दोन जागा जगभर सगळ्यांत मोठ्यानं गायल्या जातात, त्यांतली एक ट्रम्पेटवाल्यांची होती आणि दुसरी लोकांनी स्वतःच जोडली. मला हे गाण्यातलं सगळ्यांत मोठं नवल वाटतं. कवीनं लिहिलेलं लोक विसरले तरी चालतं, स्वतः जोडलेलं कधी विसरत नाहीत.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डायमंड हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले, जन्म १९४१ चा. सुरुवातीला इतरांसाठी गाणी लिहून द्यायचा धंदा केला. मंकीज या बँडचं 'आय'म अ बिलीव्हर' त्यांचंच. तिथं तीन मिनिटांत गिऱ्हाईक पकडायची तालीम झाली. १९६९ मध्ये ते मेम्फिसला अमेरिकन साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला गेले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एल्व्हिस प्रेस्ली तिथं गाऊन गेले होते आणि पुढे त्यांनीही हे गाणं आपल्या कार्यक्रमांत घेतलं. मेम्फिसच्या मोटेलच्या खोलीत तासाभरात हे गाणं झालं, असं डायमंड सांगत आले. स्टुडिओतले वादक तिथले मुरलेले होते, आणि वाद्यवृंदाची अरेंजमेंट चार्ल्स कॅलेलो यांची. गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये ते १९७१ मध्ये आठव्यावर पोचलं. म्हणजे हिट होतं, पण पहिल्या क्रमांकाचं कधीच नव्हतं.

कॅरोलाइन कोण, हाही प्रश्न मला कायम विचारतात. २००७ मध्ये डायमंड यांनी सांगितलं की राष्ट्राध्यक्ष केनेडींची मुलगी कॅरोलाइन हिचा लहानपणीचा फोटो एका मासिकात पाहून हे नाव सुचलं. २०१४ मध्ये त्यांनीच सांगितलं की गाणं खरं तर तेव्हाच्या पत्नीवर, मार्शावर आहे. पण चालीला तीन अक्षरी नाव हवं होतं आणि 'मार्शा' दोनातच संपतं. मला दुसरा खुलासा जास्त पटतो. चाली बांधणाऱ्याला आधी वजन सुचतं, शब्द मागून येतात. आपल्याकडच्या संगीतकारांचे, चालीसाठी तात्पुरते घातलेले 'डमी' शब्द आठवा. बायको थोडी रुसली असेल, पण 'कॅ-रो-लाइन' मधलं शेवटचं लांब अक्षर मिळालं नसतं तर ओरडायला तोंड उघडलंच नसतं. 'आ'कडून 'ई'कडे जाणारा तो उच्चार खुल्या गळ्याचा आहे. बिअर प्यायलेल्या माणसालाही तो जमतो.

आता बांधणीकडे येतो, कारण माझं खरं प्रेम तिथं आहे.

गाणं एकदम सुरू होत नाही. आधी वाद्यं खालून, हळूहळू, कुणीतरी जिना चढून येतंय तशी वर येतात. ती सुरुवात वाजली की ओळखीची लाट पसरते. लोक ग्लास खाली ठेवतात, शेजाऱ्याकडे बघतात, कुणी मोबाइल काढतो. समूहगायनाला ही सवड फार लागते. थेट मुखड्यानं सुरू होणाऱ्या गाण्यात गर्दी पहिली ओळ हुकते आणि हुकलेला माणूस लाजतो. मग अंतरा, तो बोलल्यासारखा. कॉर्ड म्हणाल तर षड्ज, मध्यम आणि पंचमावरचे तीन, गिटारच्या पहिल्या महिन्यात शिकवतात ते. इथं कुणाकडून काही अपेक्षा नाही.

मग येतो तो हातांचा भाग. हात, हातांचा स्पर्श, हात पुढे करणं, मला स्पर्श, तुला स्पर्श, असे तुटक तुटक शब्द. प्रत्येक तुकड्यानंतर मोकळी जागा. खाली बेस उतरत जातो आणि वर वाद्यवृंद फुगत जातो. दोन्हीकडून ताण वाढतो. शेवटचा शब्द लांबवला जातो तेव्हा खाली पंचमाचा कॉर्ड धरून ठेवलेला असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवायच्या तुकड्याचा, दुसरा फेरा संपलाय आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, समोर दिसतेय. त्या क्षणी कुणालाही गप्प बसवत नाही. मुखडा येतो तो समेवर पडल्यासारखा, आणि ज्याला अंतऱ्याचा एक शब्द येत नव्हता तोही 'स्वीट कॅरोलाइन' म्हणून जातो. ही चढण काढून टाकली आणि नुसता मुखडा वाजवला तर गाणं निम्मंही राहत नाही. मी तालमीत करून पाहिलं आहे.

हातांच्या त्या ओळींची आणखी एक करामत अशी की त्या शरीराला सूचना देतात. हात पुढे कर, असं गाणंच सांगतं आणि स्टेडियममधले लोक खरोखर हात पुढे करतात, वर करतात. एकदा शरीर हललं की आवाजाची भीड जाते. लेझीम खेळणाऱ्या पोरांना 'गा' म्हणून सांगावं लागत नाही.

फेनवेवर हे गाणं आलं ते कुणी ठरवून नव्हे. १९९७ मध्ये तिथं संगीत लावायचं काम बघणाऱ्या एका कर्मचारी बाईंच्या ओळखीत बाळ जन्मलं, त्याचं नाव कॅरोलाइन. म्हणून त्यांनी ते एकदा लावलं. मग अधूनमधून, संघ पुढे असला की शकुनासारखं लावायला लागल्या. २००२ पासून ते दर सामन्यात, आठव्या इनिंगच्या मध्यावर, ठरलेलं झालं. बॉस्टनमध्येच काही जुन्या चाहत्यांना ते आवडत नाही. संघ आठ धावांनी मार खातोय आणि हे लोक कसले हसत गातायत, असा त्यांचा त्रागा असतो. त्यांचं चूक नाही म्हणा. पण ही वेळ किती अचूक पडली आहे बघा. नववी इनिंग शेवटची. तिथं निकालाचं टेन्शन, लोक गाडी काढायच्या घाईत. आठव्याच्या मध्यावर पाहुण्या संघाची फलंदाजी संपलेली असते, मैदानावर दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही, दोनेक तास ओरडून घसे तापलेले असतात आणि अजून कुणी निघालेलं नसतं.

क्वीन या बँडचं १९७७ चं 'वी विल रॉक यू' मुद्दाम गर्दीसाठी घडवलं. ब्रायन मे यांनी एका मैफिलीत प्रेक्षकांना आपणहून गाताना ऐकलं आणि गर्दीला बसल्या जागी काय करता येईल याचा विचार केला. पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते. दोन ठोके पायाचे, एक टाळीचा. गाणं तयार. बीटल्सच्या १९६८ च्या 'हे ज्यूड'मध्ये सात मिनिटांपैकी शेवटची चार मिनिटं 'ना ना ना'च आहे, म्हणजे तिथं तर गायकानं घराची किल्लीच पाहुण्यांच्या हातात दिली. दोन्ही थोर गाणी. पण दोन्हीकडे आमंत्रण आधीच छापलेलं आहे. 'स्वीट कॅरोलाइन'मध्ये लोक खिडकीतून आत आले आणि आता तेच घरमालक झालेत.

म्हणूनच कदाचित ते कुठल्याही प्रसंगाला चालतं. १५ एप्रिल २०१३ ला बॉस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यावर बाँबस्फोट झाले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर, म्हणजे बॉस्टनच्या हाडवैऱ्याच्या अंगणात, बॉस्टनसाठी हे गाणं लावलं. न्यूयॉर्कचा यँकी आणि बॉस्टनचा रेड सॉक्स या संघांचं वैर माहीत असलेल्याला याचं वजन कळेल. २० तारखेला फेनवेवर पहिला सामना झाला, तेव्हा डायमंड स्वतः न सांगता विमानानं आले आणि मैदानात उभं राहून गायले. त्यांचा आवाज त्या दिवशी काही फार लागला नव्हता, रेकॉर्डच्या थोडा मागे-पुढेच चालला होता. कुणाला फरक पडला नाही. गाण्यात दुःख ओसरण्याच्या, रात्र एकटी न वाटण्याच्या ओळी आहेत. एरवी कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. त्या आठवड्यात आमच्या कोरसमधल्या बायका त्या ओळींवर थांबल्या. तालीम पुढे गेली नाही.

मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा डायमंड यांनी घरी बसून गिटारवर हेच गाणं म्हटलं आणि स्पर्शाच्या ओळींच्या जागी हात धुवायचं घातलं. त्याआधी दोन वर्षं, जानेवारी २०१८ मध्ये, पार्किन्सन्समुळे त्यांनी दौरे बंद केल्याचं जाहीर केलं होतं. करोनाच्या पुढच्या वर्षी, २९ जून २०२१ ला, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडनं जर्मनीला फुटबॉलमध्ये २-० हरवलं. तिथल्या डीजेनं इंग्लंडचं नेहमीचं फुटबॉलगीत न लावता हे लावलं आणि इंग्रजांनी ते आपलंसं केलं. त्या गाण्यात इंग्लंडचा 'इ' नाही, फुटबॉलचा 'फ' नाही. पण वर्षभर घरात कोंडलेल्या माणसांना 'हात पुढे करा' असं सांगणारं गाणं होतं ते.

आता माझी फजिती सांगतो, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. काही वर्षांपूर्वी गावच्या उन्हाळी जत्रेत आमच्या कोरसला बोलावलं. माझ्या अंगात तेव्हा विद्वत्ता संचारली होती. मी 'स्वीट कॅरोलाइन'ची चार सुरांची हार्मनी लिहिली. 'बा बा बा'च्या जागी सोप्रानोंना, म्हणजे सगळ्यांत उंच आवाजाच्या बायकांना, एक नागमोडी तान दिली. मध्ये पट्टी बदलली. दोन महिने तालीम केली. कार्यक्रमात समोर तीनशे माणसं, मुखड्याला सगळी सरसावून बसलेली. 'कॅरोलाइन' झालं, त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या जागेत आमच्या सोप्रानो घुसल्या. लोक बिचकले. दुसऱ्या मुखड्याला थोड्यांनी प्रयत्न केला, तर पट्टी बदलली. तिसऱ्याला सगळे हात बांधून ऐकत होते, पाहुण्यांकडे नावडती भाजी वाढल्यावर बसतात तसे. शेवटी सभ्य टाळ्या पडल्या. आमच्यातल्या खर्जात गाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं गाडीत बसताना विचारलं, 'तू त्यांना गायला बोलावलं होतंस की आमचं ऐकायला?'

तेव्हापासून मी हे गाणं एका सुरात, 'ए' पट्टीत घेतो. बायका-पुरुष दोघांनाही मुखडा ओरडता येईल इतपत ती बरी पडते. वरच्या पट्टीत पुरुष पडतात, फार खाली घेतलं तर बायका पुटपुटतात. अंतरा एकटा गायक म्हणतो. हातांच्या ओळींपासून कोरस येतो. आणि 'बा बा बा' आमच्यातलं कुणीही म्हणत नाही. हा माझा कडक नियम आहे. ट्रम्पेटवाला असेल तर पहिल्या खेपेला तो वाजवतो, पुढे त्यालाही गप्प बसवतो. मुखड्याला माइकचा आवाज खाली करतो. माणसाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर तो गायचं थांबवतो. डीजेच्या भिंतीसमोर कुणी गात नाही, नुसतं नाचतं, त्याचं कारण हेच. रेकॉर्डवर गाणं हळूहळू विरत जातं, तसं मंचावर करता येत नाही, म्हणून शेवटचा मुखडा दोनदा घेऊन ठाम थांबतो. तिसऱ्यांदा घेत नाही, लोकांनी मागितला तरी.

सोसायटीच्या गणपतीत 'स्वीट कॅरोलाइन' कशाला? आपल्याकडे हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीचं, शांता शेळक्यांचं 'मी डोलकर' आहे. लता मंगेशकर आणि हेमंतकुमारांनी गायलेलं. त्यात 'डोलकर' हा शब्द परत परत येतो, तीच लोकांची जागा. गायकानं पहिला 'डोलकर' म्हणावा आणि पुढचे सोडून द्यावेत. वल्हं मारायची हालचाल आयतीच आहे, पोरांना शिकवावी लागणार नाही. छापील शब्दांचे कागद वाटू नका. कागद हातात आला की माणूस मान खाली घालतो आणि शेजाऱ्याकडे बघत नाही. कॅरिओकेचा मोठा पडदाही नको. कार्यक्रमपत्रिकेत ते अगदी शेवटी टाकू नका, आभारप्रदर्शनाला लोक चपला शोधायला लागतात. बक्षीससमारंभाच्या आधी, भेळ खाऊन झाल्यावर ठेवा.

पहिल्या खेपेला तुम्ही जागा सोडाल आणि कुणीच गाणार नाही. दोन सेकंद शांतता पडेल, निवेदिका घाबरून माइक उचलायला बघेल. तिचा हात धरा. तबलेवाल्याला ठेका चालू ठेवायला सांगा. दुसऱ्या खेपेला मागच्या खुर्च्यांमधून एखादं पोरगं चेष्टेनं ओरडेल, त्याची आई त्याला गप्प करायला वळेल आणि स्वतःच हसेल.